रेल्वेत आपलं कोणी आहे का?

इंदुरातल्या मराठी घरात मुंबईला जायचं ठरलं की 'कोणत्या गाडीने?' हा प्रश्न दुसरा येतो. पहिला असतो, 'रेल्वेत आपलं कोणी आहे का?' आणि सहसा कोणीतरी असतं. रतलाम हे पश्चिम रेल्वेच्या एका विभागाचं मुख्यालय, त्यामुळे तिथे कुणाचा ना कुणाचा मावसभाऊ हिशेब खात्यात निघतोच. तो निवृत्त झालेला असला तरी चालतो. रेल्वेतला माणूस निवृत्त होतो, त्याची ओळख होत नाही. त्याच्या हातात बर्थ नसतो, एसी नसतो, गाडीच्या वेळेवर तर ब्रह्मदेवाचाही हात नसतो. तरी त्याचा नंबर खिशात असला की माणूस निर्धास्तपणे वरच्या बर्थवर चढतो. आता याच रेल्वेने मदतीसाठी १३९ हा एक नंबर सगळ्या देशाला देऊन ठेवला आहे. तो बारा भाषांत बोलतो आणि त्यासाठी कुणाचा मावसभाऊ असावं लागत नाही. माझं म्हणणं असं, की त्या नंबरची खरी अडचण ही शेवटचीच गोष्ट आहे. तो बरा चालतो की वाईट, यावर पुष्कळ वाद होतात. पण उद्या तो अगदी घड्याळासारखा चालला तरी आपल्या मनाला पटणार नाही. तो सगळ्यांना सारखं वागवतो, आणि जी सगळ्यांना सारखी मिळते तिला मदत म्हणायचं कशाला, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे.

या समजुतीला इतिहास आहे. इंदूरची रेल्वेच मुळी वरच्या पातळीवरच्या ओळखीतून आली. १८७० च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडव्याहून इंदूरला रेल्वे आणण्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं. मुदत १०१ वर्षं, व्याज साडेचार टक्के. ती मुदत १९७१ साली भरत होती, आणि नेमके त्याच वर्षी संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हा कुणी कुणाकडे हिशेब मागायचा हा प्रश्न आपोआप मिटला. पण विंध्याचा घाट चढून इंदूरला गाडी आली ती कुणी चौकशीच्या खिडकीवर अर्ज दिला म्हणून नव्हे. राजाने सावकारी केली म्हणून. ज्या शहराची रेल्वेशी पहिली भेट अशी झाली, तिथला माणूस स्वतःला रेल्वेचं गिऱ्हाईक समजत नाही, धनको समजतो. खिडकीमागचा बाबू मान वर न करता 'पता नहीं' म्हणतो तेव्हा त्या माणसाला येणारा राग १०१ वर्षांच्या व्याजासकट असतो.

राजे गेले तरी सवय राहिली. १९८९ पासून २०१९ पर्यंत इंदूरने सलग आठ वेळा सुमित्रा महाजनांना लोकसभेत पाठवलं. चिपळूणच्या माहेरवाशीण, इंदूरच्या सूनबाई, पुढे लोकसभेच्या अध्यक्ष. पण शहराच्या लेखी तीस वर्षं 'ताई'. ज्या गावाचा खासदार नात्यात आहे, ते गाव तक्रारीचा छापील फॉर्म कशाला भरेल? नवी गाडी हवी, थांबा हवा, डबा वाढवून हवा, प्रत्येक चर्चेचा शेवट 'ताईंना सांगू या' असा. स्टेशन मास्तरांच्या कपाटात तक्रारवही असते हे पुष्कळांना माहीत असतं, पण ती मागणं म्हणजे आपलं या जगात कोणी नाही अशी जाहीर कबुली देणं.

शिवाय मार्गच असा आहे की 'आपलं कोणी' जागोजागी उभं असतं. अवंतिका एक्स्प्रेस इंदुरातून निघते ती होळकरांच्या मुलखातून, देवासला पवारांच्या हद्दीत शिरते, उज्जैनला शिंद्यांच्या, आणि रतलाम ओलांडून पुढे बडोद्याला गायकवाडांच्या. पानिपतानंतर मराठा मंडळाने एकदिलाने फारसं काही केलं नाही, असं इतिहासकार म्हणतात. त्यांनी उज्जैनच्या फलाटावर दशम्यांचा डबा घेऊन उभी असलेली आत्या आणि रतलामच्या फलाटावर शेवेची पिशवी घेऊन उभा असलेला मावसभाऊ पाहिलेला नसावा. बडोदं मध्यरात्रीच्या सुमारास येतं, म्हणून तिथल्या काकांना 'उगीच येऊ नका' असं आवर्जून कळवायचं असतं, आणि तरीही ते आलेले असतात. गाडी दोन तास उशिरा असेल तर दोन तास उभे असतात. प्रवाशाला अशी सेवा देणारी यंत्रणा जगातल्या कुठल्याही रेल्वेजवळ नाही, आणि तिला एक पैसा पगार नाही. १३९ ची स्पर्धा या आत्येशी आहे, हे विसरून त्याचं मूल्यमापन करणं अन्यायाचं होईल.

यावर कुणी म्हणेल, की हा सगळा मागासलेपणा. आधुनिक माणसाने नियमाने चालावं. जरूर चालावं. पण ओळखीला नियमावलीत जागा खुद्द रेल्वेने दिली आहे. इमर्जन्सी कोटा नावाची गोष्ट असते. काही बर्थ शेवटपर्यंत राखून ठेवायचे आणि ते देताना मंत्री, खासदार, न्यायाधीश अशा मंडळींचा विचार मानाच्या अधिकृत क्रमाने आधी करायचा. उरलं तर मग आजारपण, घरातला मृत्यू, नोकरीची मुलाखत असल्या सामान्य अडचणी. म्हणजे आणीबाणीतही आधी मान आणि मग अडचण. असा कोटा ज्या घरात आहे, त्या घराने प्रवाशांना 'ओळखी शोधू नका, नंबर फिरवा' म्हणून सांगावं यात थोडी गंमत आहेच. अर्थात ओळखीलाही मर्यादा असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वाराणसी ते इंदूर काशी महाकाल एक्स्प्रेस सुरू झाली, पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला, आणि पहिल्या फेरीत बी-५ डब्यातला ६४ नंबरचा बर्थ भगवान शंकरासाठी ठेवून तिथे छोटं देवघर मांडलं गेलं. गवगवा झाला तेव्हा हे फक्त पहिल्या फेरीपुरतं आहे असा खुलासा झाला. त्या वादात एका गोष्टीकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. आठाच्या पाढ्यातला बर्थ म्हणजे साइड अपर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी तीन ज्या गाडीच्या वाटेवर, तिच्यात प्रत्यक्ष महाकालालाही साइड अपरच मिळाला, तिथे रतलामचा मावसभाऊ लोअर कुठून काढून देणार?

ओळख नसलेल्यांचे दिवस आले ते सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका बाईंनी शेगावजवळ धावत्या गाडीतून ट्विटरवर लिहिलं की डब्यातला एक जण त्रास देतो आहे आणि भीती वाटते. भुसावळला रेल्वेची माणसं मदतीला डब्यात हजर. त्यानंतर तान्ह्या बाळांसाठी दूध पोचलं, डायपर पोचले, वर्तमानपत्रांनी फोटो छापले. हे काम चांगलं होतं आणि त्याची टिंगल करण्याचं काही कारण नाही. पण ते चाललं कशाने हे नीट पाहिलं पाहिजे. तिथे ओळखीची गरज संपली नव्हती. उलट ज्याच्या हातात फोन होता त्या प्रत्येकाला एकदम मंत्र्याचीच ओळख मिळाली होती, तीही चारचौघांदेखत. दुधाची बाटली पोचते कारण ती पोचल्याची बातमी होते. संडासात पाणी नाही याची बातमी होत नाही; त्यात बातमी काय आहे, असं संपादकही विचारतो आणि साहेबही. त्यामुळे त्या काळात मदत मिळण्याचा वेग तक्रारीच्या नवलाईवर ठरू लागला. अडचण जितकी जगावेगळी, तितकी तत्परता जास्त. आणि रोज सगळ्यांना छळणारी गोष्ट मात्र रोजचीच म्हणून जागच्या जागी.

याच्या उलट टोकाचं उदाहरण मधु दंडवत्यांचं. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंचांचा फोम घालायला सुरुवात केली. कुणी फोन केला नव्हता, ट्विटर जन्मायचं होतं. न मागता, ओळख न विचारता, लाखो पाठींना एकदम मदत पोचली. मला विचाराल तर भारतीय रेल्वेने प्रवाशाला केलेली सगळ्यात मोठी मदत ती हीच, आणि तिच्यासाठी कुणाला तक्रार क्रमांक घ्यावा लागला नाही. योगायोग असा की दंडवते आणि प्रभू दोघेही कधी ना कधी राजापूरचे खासदार. तिथली गंगा स्वतःच्या लहरीने प्रकट होते आणि लहर फिरली की गुप्त होते. रेल्वेच्या मदतीचंही पुष्कळदा तेच झालं: मंत्री चांगला मिळाला की झरा फुटतो, तो गेला की पुन्हा कातळ.

ही गंगा नळाला जोडण्याचा प्रयत्न म्हणजे १३९. त्याआधी तक्रारीला १३८, सुरक्षेला १८२ आणि आणखी कशाकशाला वेगळे, असे आकडे होते. संकटात सापडलेल्या माणसाने आधी पाठांतर करायचं, मग हाक मारायची. २०२० पासून ते १३९ मध्ये मिसळत गेले आणि एप्रिल २०२१ मध्ये १८२ सुद्धा त्यात आला. जोडीला २०१८ पासून रेल मदद हे ॲप आहेच. यंत्रणा म्हणून ही मांडणी सरळ आहे. सुरक्षा आणि औषधपाणी यासाठी १ दाबा, चौकशीसाठी २, सर्वसाधारण तक्रारीसाठी ४, पुढे पार्सल वगैरे, आणि काहीच कळेनासं झालं तर फुली दाबून माणसाशी बोला. अडचण आपल्या बाजूने आहे. आपली तक्रार ही तक्रार नसते, कैफियत असते. तिची सुरुवात तिकीट काढलं त्या दिवसापासून होते, त्यात सूनबाईंचं बाळंतपण येतं, समोरच्या बर्थवरच्या कुटुंबाचा स्वभाव येतो, पूर्वी महूहून मीटरगेज गाडी कशी वेळेवर सुटायची हे येतं, आणि मग कुठे उशीला अभ्रा नाही हे येतं. मावसभाऊ हे सगळं ऐकून घेतो. मधूनमधून 'हो ना' म्हणतो. रेकॉर्ड केलेली बाई मात्र पहिल्याच वाक्याला आकडा मागते. उशीचं दुःख चार नंबरात बसवायचं म्हटलं की निम्मं दुःख बाहेरच राहतं, आणि मग उशी मिळूनही माणसाला आपलं ऐकलं गेलं असं वाटत नाही.

आता मुख्य आक्षेप. लोक म्हणतील, हे मानसशास्त्र पुरे. तुमचा नंबर चालतच नाही. तक्रार केली की पाच मिनिटांत 'आपल्या तक्रारीचं निराकरण झालं' असा संदेश येतो आणि नळ तसाच कोरडा असतो. या आक्षेपातले दोन भाग वेगळे करायला हवेत. पहिला भाग भूगोलाचा आहे. धावत्या गाडीत पाणी भरता येत नाही. ते भरायची सोय ठराविक स्थानकांवरच असते. एसीचा मिस्त्री पुढच्या मोठ्या स्थानकावर चढणार. त्यातून इंदूरहून पुण्याला जाणारी गाडी गुजरातमधून वळसा घेऊन जाते; रतलाम, बडोदा आणि मुंबई सेंट्रल हे पश्चिम रेल्वेचे तीन विभाग, वसईपासून मध्य रेल्वेचे आणखी दोन. तक्रार नागद्याला केली आणि ती गोध्रापलीकडे गेली की तिचा मालक बदलतो. संदेश फोनच्या वेगाने जातो, पाणी मात्र सिग्नल मिळेल तसं येतं, आणि या दोन्हींमधल्या अंतरात प्रवाशाचा विश्वास संपतो. हे समजून घेता येईल. दुसरा भाग मात्र समजून घेण्यासारखा नाही. काम न करता तक्रार बंद करणं ही लबाडी आहे, आणि तिला वेगाचं प्रशस्तिपत्र देणं ही त्याहून मोठी. निकाली काढलेल्या तक्रारी मोजायच्या असतील तर 'निकाल लागला' हे प्रवाशाने म्हणायला हवं, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने नव्हे. इथे रेल्वेची बाजू घेण्याची माझी तयारी नाही.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: आम्हाला ॲप जमत नाही, पीएनआर आठवत नाही. हा खरा आहे, पण अर्धाच. ज्या आजीला ॲप जमत नाही, तिला नातवाला फोन लावणं जमतं, आणि नातू पुण्यात बसून तिच्या डब्याची तक्रार नोंदवू शकतो. रतलामचा मावसभाऊ जे करतो त्याहून हे जास्त आहे. तो बिचारा फार तर स्वतःच १३९ लावतो आणि आपल्याला सांगत नाही.

इंदूरकरांनी तरी 'नुसत्या नंबराने काही होत नाही' असं म्हणू नये. २०१७ पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या या गावात महापालिकेचं ३११ नावाचं ॲप आहे. कोपऱ्यावर कचरा दिसला की फोटो काढून टाकायचा. तो टाकताना कुणी 'नगरनिगममध्ये आपलं कोणी आहे का?' असं विचारत बसत नाही. छप्पन दुकानवर पोहे खाऊन द्रोण कचऱ्याच्या डब्यातच टाकणारा, दुसऱ्याने बाहेर टाकला तर 'ओ भिया!' म्हणून हटकणारा हाच माणूस फलाटावर पाऊल ठेवताच एकदम होळकरांच्या दरबारात उभा असल्यासारखा वागू लागतो. टीसीने नियमानुसार रिकामा बर्थ दिला तरी घरी येऊन सांगतो, 'साहेबांनी फार मदत केली हो.' कर्तव्याला उपकार मानायची ही हौस जुनीच आहे. महूच्या पुढे पाताळपाणीला मीटरगेजच्या गाड्या थांबत, तेव्हा लोक म्हणत, गाडी टंट्या मामांना मानवंदना देते. रेल्वेचे लोक म्हणत, पुढे उतार आहे, ब्रेक तपासतो. टंट्या भिल्लाला मानवंदना मिळायलाच हवी, तिच्याबद्दल वाद नाही. पण ब्रेक तपासणं हे ब्रेक तपासणंच राहिलं पाहिजे. ते कुणाच्या कृपेने होतं असं एकदा वाटू लागलं, की न झालं तर जाब विचारायची सोय राहत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात गोड आहे आणि म्हणून सगळ्यात अवघड. ओळखीत माया असते, लोक म्हणतात. यंत्राच्या आवाजात ती कुठून येणार? मान्य. दशम्यांना १३९ हा पर्याय नाही. पण ही माया कुणाला मिळते ते पाहा. झाबुआ-अलीराजपूरची आदिवासी कुटुंबं मजुरीसाठी गुजरातेत जातात, त्याच रुळांवरून, जनरलच्या डब्यातून, पोरं आणि भांडी घेऊन. त्यांच्यासाठी रतलामच्या फलाटावर शेवेची पिशवी नसते. त्यांना कुणी साहेब ओळखीचा नसतो, त्यांच्या गावच्या खासदाराचं पत्र कुठल्या कोट्याला जोडलेलं नसतं. त्यांच्या तिकिटावर पीएनआरही नसतो. पण रेल मददमध्ये अनारक्षित तिकिटाचा नंबर टाकूनही तक्रार करता येते. मदत ओळखीवर चालली तर ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत ती सर्वांत शेवटी पोचते. एवढ्या एका कारणासाठी तो रुक्ष, आकडे मागणारा, 'हो ना' न म्हणणारा नंबर मला आत्येच्या डब्याइतकाच मोलाचा वाटतो. आत्येला हे सांगायची गरज नाही.

रेल्वेला एक सुचवावंसं वाटतं, फार खर्चाचं नाही. तक्रार घेतल्यावर नुसता लांबलचक क्रमांक पाठवण्याऐवजी येणाऱ्या माणसाचं नाव कळवावं: रतलामला अमुक मिस्त्री चढतील, अमुक वाजता. आपल्या माणसाला क्रमांकावर भरवसा नाही, नावावर आहे. नाव कळलं की तो मिस्त्री ताबडतोब 'आपला' होतो, कदाचित देवासचा निघतो, कदाचित दूरच्या नात्यातलाही. आणि वाचकांना सांगायचं ते इतकंच, की निघताना पीएनआर कागदावर ठळक लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा, रात्री-अपरात्री भीती वाटली किंवा कुणाची तब्येत बिघडली तर आधी १३९ लावून १ दाबा आणि मावसभावाला नंतर उठवा. काम न होता तक्रार बंद झाली तर अभिप्रायात 'असमाधानी' लिहायला लाजू नका. तिथे कुणी ओळखीचं नाही. आणि ओळखीही आता बदलायच्या आहेत: इंदूर–मनमाड या नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली आहे. ३०९ किलोमीटर, ३० नवी स्थानकं, खर्च १८,०३६ कोटी, पूर्ण व्हायचं साल २०२८-२९. तो झाला की आपल्या पुष्कळ तक्रारी रतलामऐवजी भुसावळ विभागात जातील आणि नात्यातले रेल्वेवाले नव्याने शोधावे लागतील. १३९ तोच राहील.